स्टेज चारचा आतड्याचा कॅन्सर : गाठीचा स्वभाव ओळखून उपचार कसे ठरवायचे

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर यकृतात, फुप्फुसात किंवा पोटातल्या आवरणावर पसरल्याचं कळलं की घरच्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : केमो कधी सुरू करायची? प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्याही आधी विचारायचा एक प्रश्न फार वेळा राहून जातो. या गाठीच्या तपासण्या पूर्ण झाल्या आहेत का?

दोन रुग्णांचे स्कॅन समोरासमोर ठेवले तर ते हुबेहूब सारखे दिसू शकतात. तरीही एकाला इम्युनोथेरपी (शरीराच्या संरक्षण यंत्रणेला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) अशी लागू पडते की वर्षं उलटली तरी आजार डोकं वर काढत नाही, आणि दुसऱ्याला तेच औषध दिलं तर नुसता वेळ जातो. एका रुग्णाचं आयुष्य वाढवणारं इंजेक्शन दुसऱ्याला अपाय करतं. हा फरक स्टेजमधला नाही, तो गाठीच्या पेशींमधला आहे. या आजारात पहिल्या फेरीला, म्हणजे उपचारांच्या पहिल्या टप्प्याला, जे औषध निवडलं जातं त्यावर पुढच्या सगळ्या फेऱ्या अवलंबून असतात. म्हणून गाठीचा रिपोर्ट हातात आल्यावर पहिलं औषध ठरावं, औषध सुरू झाल्यावर सवडीने रिपोर्ट येऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

हे निर्णय ज्या क्रमाने समोर येतात त्याच क्रमाने पुढे लिहिलं आहे. अंतिम निर्णय तुमच्या ऑन्कोलॉजिस्टनेच घ्यायचा. कोणत्या टप्प्यावर काय विचारायचं, एवढं मात्र तुम्हाला आधी माहीत असायला हवं.

पायरी १ : औषधाच्या आधी सर्जनचं मत

‘पसरला, म्हणजे ऑपरेशनचा विषय संपला’ हे आतड्याच्या कॅन्सरला सरसकट लागू होत नाही. इतर अनेक कॅन्सरपेक्षा हा इथे वेगळा ठरतो. आजार फक्त यकृतात किंवा फक्त फुप्फुसात असेल आणि गाठी मोजक्या असतील तर त्या काढता येतात, आणि अशा निवडक रुग्णांपैकी काही जण कायमचे बरे होतात. त्यामुळे पहिल्या केमोच्या आधी, यकृताची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनने स्कॅन पाहायला हवा. नुसता कागदावरचा रिपोर्ट पुरत नाही, प्रत्यक्ष चित्रं पाहावी लागतात. बऱ्याचदा यकृताचा एमआरआयही लागतो.

‘आधी केमो देऊन पाहू, मग सर्जनला विचारू’ असं केलं तर दोन अडचणी येतात. केमोने लहान गाठी स्कॅनवर दिसेनाशा होतात, पण त्यातल्या बऱ्याच जागी जिवंत पेशी उरलेल्या असतात. मग सर्जनला नेमकं कुठे कापायचं ते कळत नाही. शिवाय ऑक्सॅलिप्लॅटिन आणि आयरिनोटेकन ही केमोतली दोन्ही औषधं यकृताच्या निरोगी भागालाही इजा करतात. केमो लांबत गेली की ऑपरेशनची जोखीम वाढते.

गाठी काढण्यापलीकडे गेल्या असल्या आणि आजार फक्त यकृतातच असला तर अगदी थोड्या रुग्णांसाठी यकृत प्रत्यारोपणाचाही विचार आता होतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रान्समेट चाचणीत केमोसोबत प्रत्यारोपण झालेल्या गटात पाच वर्षांनी हयात असलेले ५७ टक्के होते, नुसती केमो मिळालेल्या गटात १३ टक्के. रुग्ण फार काटेकोरपणे निवडले होते. बी-रॅफ नावाच्या जनुकात बदल असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. म्हणजे प्रत्यारोपणाचा निर्णयही गाठीच्या स्वभावापाशीच येऊन थांबतो.

याच भेटीत आणखी एक गोष्ट कागदावर लिहून घ्या : मूळ गाठ आतड्याच्या कोणत्या बाजूला आहे? सीकम, चढतं आतडं आणि आडव्या आतड्याचा बहुतेक भाग ही उजवी बाजू. प्लीहेजवळच्या वळणापासून खाली उतरतं आतडं, सिग्मॉइड आणि गुदाशय ही डावी बाजू. गर्भात हे दोन भाग वेगवेगळ्या अंकुरांपासून तयार होतात आणि त्यांच्यातले कॅन्सरही वेगळे वागतात. औषध निवडताना ही माहिती पुढे फार लागते.

आतड्यात अडथळा आला असेल, छिद्र पडलं असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी ती आणीबाणी हाताळावी लागते.

पायरी २ : ब्लॉक कुठे आहे ते शोधा

बायॉप्सीत किंवा ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवतात आणि नंतर मेणात बसवतात. या मेणाच्या चौकोनी वडीला ब्लॉक म्हणतात. तिचे केसाहूनही पातळ काप काढून काचेवर घेतात, त्या स्लाइड्स. पुढच्या सगळ्या तपासण्या या ब्लॉकवर होतात, म्हणून तो कुठल्या लॅबमध्ये आहे, त्याचा नंबर काय आणि त्यात किती ऊतक उरलं आहे, हे माहीत असायला हवं.

कोलोनोस्कोपीत निघणारे तुकडे अगदी बारीक असतात. निदानासाठी दोन-चार रंगपद्धती झाल्या की ब्लॉक संपत येतो आणि जनुकीय चाचणीला काही उरत नाही. असं झालं की ‘नमुना अपुरा’ असा शेरा येतो, पुन्हा सुई टोचावी लागते आणि दोन-तीन आठवडे वाया जातात. हे टाळायला सांगायचं एवढंच : ‘जनुकीय तपासणी करायची आहे, ऊतक जपून वापरा.’ हा निरोप बायॉप्सीच्या फॉर्मवरच लिहिलेला असला तर उत्तम.

मूळ गाठीचा नमुना घ्यायचा की यकृतातल्या गाठीचा? रास आणि बी-रॅफ या जनुकांपुरतं पाहिलं तर दोन्हींचे निकाल बहुतेक वेळा जुळतात, त्यामुळे जो चांगला आणि भरपूर असेल तो चालतो. एक अपवाद लक्षात ठेवा. गुदाशयाच्या कॅन्सरला आधी रेडिएशन आणि केमो देऊन मग ऑपरेशन झालं असेल तर काढलेल्या भागात कॅन्सरच्या पेशी फार थोड्या उरलेल्या असतात. अशा वेळी उपचारांपूर्वीची पहिली बायॉप्सी जास्त कामाची ठरते.

पायरी ३ : कोणत्या तपासण्या, आणि किती थांबायचं

पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये चार गोष्टी कळल्याच पाहिजेत : एमएमआर किंवा एमएसआयची स्थिती (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का), आणि पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकं : के-रास आणि एन-रास, बी-रॅफ, आणि हर-टू. एनजीएस पॅनेलमध्ये, म्हणजे अनेक जनुकं एकदम तपासणाऱ्या चाचणीत, यातली बहुतेक उत्तरं एकदम मिळतात आणि क्वचित आढळणारे बदलही सापडतात. पॅनेल शक्य नसेल तर वेगवेगळ्या चाचण्या करूनही काम होतं. रास तपासताना मात्र के-रासचा एकच भाग तपासून थांबलेली जुनी चाचणी नको. के-रास आणि एन-रास दोन्हींचे एक्सॉन २, ३ आणि ४ हे भाग तपासलेले हवेत.

एमएमआरची रंगचाचणी काही दिवसांत होते. एनजीएसला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून एमएमआर आधी आणि लगेच करून घ्या, कारण त्या एका उत्तराने संपूर्ण बेत पालटू शकतो.

रुग्णाची तब्येत झपाट्याने ढासळत असेल, यकृत आजाराने भरून गेलं असेल, तर थांबायला वेळ नसतो. तेव्हा बरेच ऑन्कोलॉजिस्ट दोन-तीन औषधांची मूळ केमो तेवढी सुरू करतात आणि तिच्या जोडीचं अँटिबॉडी इंजेक्शन रिपोर्ट आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या डोसपासून जोडतात. हा मार्ग मला योग्य वाटतो. तब्येत बरी असताना निव्वळ धास्तीपोटी घाई करण्याची मात्र गरज नसते. हा आजार कित्येक महिने, बऱ्याचदा वर्षं आतल्या आत वाढत आलेला असतो. दहा-पंधरा दिवस थांबून योग्य औषध मिळणार असेल तर ते दिवस फुकट जात नाहीत.

याच सुमारास रक्ताची आणखी एक तपासणी मागा : डीपीवायडी. ही गाठीची नाही, रुग्णाच्या स्वतःच्या जनुकांची चाचणी आहे. ५-एफयू आणि तिचं गोळीरूप कॅपेसिटाबिन या औषधांचा शरीरात निचरा करणारं एन्झाइम काही लोकांत जन्मतःच कमी असतं. अशांना नेहमीचा डोस दिला तर तोंड सोलवटतं, जुलाब आटोक्यात राहत नाहीत, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि क्वचित जीवही जातो. एन्झाइम अर्धवट असेल तर डोस कमी करून, बहुधा निम्म्यावरून, सुरुवात करतात. ते अजिबातच नसेल तर ही औषधं टाळतात. युरोपच्या औषध नियामक संस्थेने उपचारांपूर्वी ही तपासणी करण्याची शिफारस २०२० मध्ये केली. सध्या तपासले जाणारे प्रमुख जनुकबदल मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासातून आलेले आहेत, त्यामुळे ‘नॉर्मल’ निकाल आला तरी पहिल्या डोसच्या वेळी सावध राहायचंच. पहिल्या चार-पाच दिवसांतच भयंकर त्रास सुरू झाला तर फोनवर सल्ला घेत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. युरिडिन ट्रायअ‍ॅसिटेट नावाचा उतारा आहे, पण तो शेवटच्या डोसपासून ९६ तासांच्या आत द्यावा लागतो.

आयरिनोटेकन द्यायचं असेल तर त्यासाठी यूजीटी१ए१ ही अशीच चाचणी आहे.

पायरी ४ : रिपोर्ट हातात घेऊन वाचा

रिपोर्टमध्ये सगळ्यात आधी नमुन्याविषयीची ओळ पाहा : गाठीच्या पेशींचं प्रमाण किती टक्के होतं? ते फार कमी असेल तर ‘बदल आढळला नाही’ या निकालावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. बदल नसल्यामुळे तो सापडला नाही की पेशीच पुरेशा नव्हत्या, हे पॅथॉलॉजिस्टला विचारा.

एमएमआरच्या रिपोर्टमध्ये चार प्रथिनांची नावं असतात : एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. डीएनएची नक्कल करताना होणाऱ्या चुका दुरुस्त करण्याचं काम ही प्रथिनं करतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या केंद्रकांना तपकिरी रंग चढला, तर प्रथिन शाबूत आहे. कॅन्सरच्या पेशी फिकट निळ्या राहिल्या आणि शेजारच्या निरोगी लिम्फोसाइट पेशी मात्र तपकिरी दिसल्या, तर ते प्रथिन गाठीत खरोखरच नाहीसं झालेलं आहे. शेजारच्या निरोगी पेशींनाही रंग चढला नसेल तर चाचणीच फसलेली आहे आणि ती पुन्हा करायला हवी. शंका असेल तर एमएसआयची पीसीआर किंवा एनजीएसने पडताळणी करून घ्या. इम्युनोथेरपीसारखा मोठा निर्णय एका अस्पष्ट स्लाइडवर सोडू नये.

‘वाइल्ड-टाइप’ हा शब्द वाचून अनेक जण दचकतात. त्याचा अर्थ उलट चांगला आहे : जनुक मूळ रूपात आहे, त्यात बदल नाही. ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असा शेरा असेल तर त्याच्या आधारावर औषध ठरत नाही. मोठ्या पॅनेलमध्ये असे शेरे हमखास असतात, त्यांच्यामागे धावून जीव टांगणीला लावू नका. एपीसी आणि टीपी५३ ही दोन नावं जवळपास प्रत्येक रिपोर्टमध्ये दिसतील. आतड्याच्या कॅन्सरमध्ये ती फार सामान्य आहेत आणि सध्या त्यांच्यावरून औषध बदलत नाही.

पायरी ५ : निकालावरून औषध

*एमएमआर बिघडलेला, म्हणजेच एमएसआय-हाय.* पसरलेल्या आजारात असे रुग्ण साधारण ४ ते ५ टक्के असतात. दुरुस्तीची यंत्रणाच बंद पडल्यामुळे या गाठीत हजारो जनुकबदल साचतात आणि ती शरीराच्या संरक्षण यंत्रणेला परकी दिसू लागते. स्वतःच्या बचावासाठी गाठीने लावलेला ब्रेक इम्युनोथेरपी काढून टाकते. कीनोट-१७७ चाचणीत ३०७ रुग्णांपैकी निम्म्यांना केमोऐवजी पेम्ब्रोलिझुमॅब दिलं. आजार न वाढता गेलेला मध्यम काळ (निम्म्या रुग्णांनी ओलांडलेला) १६.५ महिने भरला, केमोवर तो ८.२ महिने होता. याच आधारावर २०२० मध्ये अमेरिकेत हे औषध पहिल्या फेरीसाठी मान्य झालं. पुढे चेकमेट-८एचडब्ल्यू चाचणीत निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही जोडी दिलेल्यांपैकी दोन वर्षांनंतरही आजार न वाढलेले ७२ टक्के होते, केमोच्या गटात १४ टक्के.

हे आकडे पाहून आनंद होणं साहजिक आहे, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. कीनोट-१७७ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब मिळालेल्या सुमारे २९ टक्के रुग्णांचा आजार औषधाला अजिबात न जुमानता वाढत गेला. त्यामुळे पहिला स्कॅन चुकवू नका. दोन औषधांच्या जोडीत ही जोखीम कमी दिसते, पण दुष्परिणाम जास्त असतात. थायरॉइड मंदावणं, आतड्याला, यकृताला किंवा फुप्फुसाला सूज येणं, असे त्रास औषध थांबवल्यानंतर काही महिन्यांनीही होऊ शकतात. इम्युनोथेरपी झालेल्या माणसाने पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर हे सांगायलाच हवं. जुलाब सुरू झाले की घरच्या घरी गोळी घेऊन दाबू नयेत, त्यामागे स्टेरॉइड लागणारी सूज असू शकते.

या निकालाचा कुटुंबाशीही संबंध आहे. एमएसएच२ किंवा एमएसएच६ नाहीसं झालेलं असेल तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे आनुवंशिक दोषाची, शक्यता बरीच असते. एमएलएच१ नाहीसं झालं असेल तर आधी बी-रॅफ आणि एमएलएच१चं मिथिलेशन (रासायनिक खुणेने जनुक बंद पडणं) पाहतात. त्यातलं काही सापडलं तर दोष बहुधा गाठीपुरताच असतो. लिंच सिद्ध झाला तर भावंडांची आणि मुलांची तपासणी करायची. ज्यांच्यात दोष आहे त्यांना लहान वयापासून ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी करून कॅन्सर टाळता येतो किंवा वेळीच पकडता येतो. रुग्णाच्या आजारपणात हे मागे पडतं, ते पडू देऊ नका.

*रासमध्ये बदल.* जवळपास निम्मे रुग्ण या गटात येतात. सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही इंजेक्शनं पेशीच्या पृष्ठभागावरचा, वाढीचा संदेश घेणारा ईजीएफआर हा रिसेप्टर बंद करतात. रास त्याच्या खालच्या टप्प्यावर आहे. वरचा नळ घट्ट बंद केला आणि पाइप मात्र खाली फुटलेला असला तर पाणी वाहतच राहतं, तसं हे आहे. सेटुक्सिमॅब २००४ मध्ये बाजारात आलं तेव्हा हे ठाऊक नव्हतं आणि ते सगळ्यांनाच दिलं जाई. के-रासचा संबंध २००८च्या सुमारास स्पष्ट झाला. २०१३ मध्ये तर असं दिसलं की रासचे इतर बदल असलेल्यांना ऑक्सॅलिप्लॅटिनच्या केमोसोबत पॅनिटुमुमॅब दिल्यास त्यांची स्थिती नुसत्या केमोपेक्षा वाईट होते.

म्हणून ‘रास पॉझिटिव्ह आलं, म्हणजे टेस्टचा काही उपयोग झाला नाही’ असं म्हणू नका. एका महागड्या, त्रासदायक आणि तुमच्यासाठी घातक औषधापासून त्या टेस्टने तुम्हाला वाचवलं आहे. या गटात नेहमीची निवड म्हणजे फॉल्फॉक्स, कॅपॉक्स किंवा फॉल्फिरी (५-एफयू किंवा कॅपेसिटाबिनला ऑक्सॅलिप्लॅटिनची किंवा आयरिनोटेकनची जोड) यांपैकी एक केमो आणि सोबत बेव्हॅसिझुमॅब. तब्येत धडधाकट असेल आणि गाठी झपाट्याने आकसायला हव्या असतील तर तिन्ही औषधांची फॉल्फॉक्सिरी. बेव्हॅसिझुमॅब गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांवर काम करतं, त्यामुळे रास बदललेलं असलं तरी ते चालतं. मात्र त्याने जखमा भरायला वेळ लागतो. ऑपरेशन ठरत असेल तर ते निदान चार आठवडे आधी बंद करावं लागतं, अनेक सर्जन सहा आठवडे मागतात. दात काढायचा असला तरी आधी विचारा.

रासमध्ये बदल आहे एवढ्यावर थांबू नका, तो नेमका कोणता आहे ते पाहा. जी१२सी असेल (अशा रुग्णांचं प्रमाण ३ ते ४ टक्के) तर पुढच्या फेरीत सोटोरासिब किंवा अ‍ॅडॅग्रासिब ही औषधं ईजीएफआरच्या अँटिबॉडीसोबत देता येतात. जी१२डी आणि जी१२व्ही हे जास्त आढळणारे बदल आहेत आणि त्यांच्यावरची औषधं चाचण्यांमध्ये आहेत. क्लिनिकल ट्रायलबद्दल विचारताना हे अक्षर-आकडे तोंडपाठ असू द्या.

*रास आणि बी-रॅफ दोन्ही मूळ रूपात.* मघाशी लिहून ठेवलेली बाजू आता कामाला येते. गाठ डाव्या बाजूची असेल तर केमोसोबत सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब ही पहिली पसंती. जपानमधल्या पॅराडाइम चाचणीत डाव्या बाजूच्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान पॅनिटुमुमॅबसोबत ३७.९ महिने होतं आणि बेव्हॅसिझुमॅबसोबत ३४.३ महिने. गाठ उजव्या बाजूची असेल तर पहिल्या फेरीत ईजीएफआरच्या औषधाचा आयुर्मानाला तसा फायदा दिसत नाही. तिथे बेव्हॅसिझुमॅब बरं. जनुकं तीच, औषध तेच, पण गाठ आतड्याच्या कोणत्या भागात उगवली त्यावरून निकाल बदलतो. यामागची सगळी कारणं अजून उलगडलेली नाहीत.

*बी-रॅफ व्ही६००ई.* सुमारे ८ ते १० टक्के रुग्ण. गाठ बहुधा उजवीकडची, आजार आक्रमक. हाच बदल मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्येही असतो आणि तिथे बी-रॅफ रोखणाऱ्या गोळीने निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या गाठी आकसतात. तीच गोळी आतड्याच्या कॅन्सरमध्ये एकटी दिली तेव्हा जेमतेम ५ टक्के रुग्णांना उपयोग झाला. २०१२ मध्ये याचं कारण कळलं : बी-रॅफ बंद केल्याबरोबर आतड्याच्या पेशी ईजीएफआरच्या वाटेने पुन्हा संदेश सुरू करतात. म्हणून दोन्ही वाटा एकदम बंद करायच्या, एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब ही जोडी द्यायची, असं ठरलं. बीकन चाचणीत आधी उपचार झालेल्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान या जोडीने ५.९ वरून ९.३ महिन्यांवर गेलं. पुढे ब्रेकवॉटर चाचणीत हीच जोडी केमोसह पहिल्याच फेरीत दिली, तेव्हा ते १५.१ वरून ३०.३ महिन्यांवर पोचलं. ज्या गटाबद्दल बोलताना डॉक्टरांचा आवाज खाली जायचा, त्याच गटात हे घडलं आहे. म्हणून बी-रॅफचा रिपोर्ट पहिल्या औषधाआधीच हवा, दुसऱ्या फेरीपर्यंत तो लांबवू नये.

दोन बारकावे आहेत. बी-रॅफसोबत एमएसआय-हायही असेल तर इम्युनोथेरपीला पहिला मान. आणि बी-रॅफमधला बदल व्ही६००ई सोडून दुसराच असेल तर हे सगळं लागू होत नाही, तो वेगळा आणि बऱ्याचदा सौम्य आजार असतो.

*हर-टू.* स्तनाच्या कॅन्सरमुळे हे नाव बऱ्याच जणांना माहीत आहे. आतड्यात ते ३ ते ५ टक्क्यांत वाढलेलं सापडतं, मुख्यतः रास मूळ रूपात असलेल्यांमध्ये. ट्युकॅटिनिब आणि ट्रॅस्टुझुमॅब या जोडीने माउंटनीअर चाचणीत सुमारे ३८ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकन हाही पर्याय आहे, पण त्याने फुप्फुसाला सूज येऊ शकते. त्यावर असताना नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी कळवा.

एनटीआरके आणि आरईटी या जनुकांची जोडणी (ती चुकून दुसऱ्या जनुकाला चिकटणं) एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत सापडते. पण सापडली तर लॅरोट्रेक्टिनिब, सेल्परकॅटिनिबसारख्या गोळ्या फार चांगलं काम करतात.

पायरी ६ : औषध सुरू होण्याआधीची तयारी

ईजीएफआरच्या इंजेक्शनांनी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहरा, छाती आणि पाठीवर पुरळ उठतं. ते मुरमांसारखं दिसतं, पण मुरमं नव्हेत. मुरमांची मलमं लावली तर त्वचा आणखी कोरडी पडते आणि जळजळ वाढते. पुरळ उठण्याची वाट पाहू नका. पहिल्या दिवसापासून सौम्य मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, डॉक्टरांनी दिलेलं हलकं स्टेरॉइड मलम आणि डॉक्सिसायक्लिन हा आधीच सुरू केलेला बेत तीव्र पुरळाचं प्रमाण निम्म्याहून खाली आणतो. पुढच्या महिन्यांत बोटांच्या टोकांना भेगा पडतात, नखांच्या कडा सुजतात. रक्तातलं मॅग्नेशियम घसरतं आणि थकवा, पेटके येतात, म्हणून ते दर काही आठवड्यांनी तपासायचं.

ऑक्सॅलिप्लॅटिननंतर काही दिवस गार वस्तूला हात लावला किंवा गार पाणी प्यायलं की झिणझिण्या येतात, घसा आवळल्यासारखा वाटतो. हे तात्पुरतं असतं. पुढच्या डोसपर्यंत मुंग्या टिकून राहू लागल्या, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळू लागली, तर मात्र लगेच सांगा. तीन-चार महिन्यांनी ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून हलक्या औषधांवर राहणं ही मान्य पद्धत आहे. त्रास सोसून ते रेटत नेण्यात शहाणपण नाही. नसांची इजा कायमची राहू शकते.

आयरिनोटेकनने जुलाब होतात, म्हणून ते थांबवणारं लोपेरामाइड घरात हवं. केमोवर असताना ३८ अंश सेल्सिअस ताप म्हणजे त्याच रात्री हॉस्पिटल.

पायरी ७ : मध्येच बदलणारी गाठ

दर दोन-तीन महिन्यांनी सीटी आणि सोबत सीईए ही, गाठीमुळे वाढणाऱ्या एका प्रथिनाची, रक्ततपासणी होते. सीईए सुरुवातीच्या काही आठवड्यांत उगाच वर जाऊ शकतो, एका वाढीव आकड्यावरून औषध बदलू नये.

गाठ उपचारांच्या दबावाखाली बदलते. ईजीएफआरच्या औषधावर असताना रासचे नवे बदल असलेल्या पेशी वाढतात आणि औषध चालेनासं होतं. ते बंद केल्यावर काही महिन्यांत या पेशींचं प्रमाण पुन्हा ओसरतं. अशा वेळी रक्तातल्या गाठीच्या डीएनएची चाचणी, म्हणजे लिक्विड बायॉप्सी, फार उपयोगी पडते. तिच्यात रास स्वच्छ दिसलं तर काही रुग्णांना तेच औषध दुसऱ्यांदा देता येतं. इटलीतल्या क्रोनोस चाचणीने हा मार्ग दाखवला. जुन्या ब्लॉकवर विसंबून तेच औषध पुन्हा देणं मला पटत नाही.

या चाचणीची मर्यादाही ओळखून असा. आजार फक्त फुप्फुसात किंवा पोटातल्या आवरणावर असेल तर रक्तात डीएनए फार कमी उतरतो. तेव्हा ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘बदल नाही’ असा होत नाही.

पायरी ८ : नेमकं औषध नसेल तेव्हा

बहुतेक रुग्णांच्या गाठीला जुळणारी खास गोळी आज उपलब्ध नाही. हे सुरुवातीलाच कळलेलं बरं, नाहीतर रिपोर्टकडून अवास्तव आशा ठेवली जाते. तरी दोन फेऱ्यांनंतर वाटा संपत नाहीत. ट्रायफ्लुरिडिन-टिपिरॅसिल ही गोळी बेव्हॅसिझुमॅबसोबत दिल्यावर सनलाइट चाचणीत मध्यम आयुर्मान ७.५ वरून १०.८ महिन्यांवर गेलं. फ्रुक्विन्टिनिब आणि रेगोराफेनिब हे पुढचे पर्याय. त्यांचा लाभ महिन्यांत मोजायचा असतो आणि थकवा, तळहात-तळपाय सोलवटणं ही त्याची किंमत असते. ती मोजायची की नाही हे रुग्णाने ठरवायचं, नातेवाइकांनी त्याच्या वतीने परस्पर ठरवू नये. वेदना, भूक, झोप, मनाची अवस्था सांभाळणारी पॅलिएटिव्ह टीम पहिल्या केमोपासूनच सोबत असावी. ‘सगळं संपल्यावर’ बोलावण्यासाठी ती नाही.

ट्रायलसाठी किंवा दुसऱ्या मतासाठी जाताना एका फाइलमध्ये हे ठेवा : पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट आणि ब्लॉकचा नंबर, जनुकीय रिपोर्टची सगळी पानं (पहिलं पान पुरत नाही), सगळे सीटी-एमआरआय डिस्कवर, प्रत्येक औषधाच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख, ते का थांबवलं त्याचं कारण, आणि सीईएचे आकडे तारखांसह. औषध आजार वाढला म्हणून थांबवलं की सोसवलं नाही म्हणून, हा तपशील सर्वांत जास्त वेळा गहाळ असतो. सोसलं नाही म्हणून थांबवलेलं औषध कमी डोसमध्ये पुन्हा देता येतं.